साडेपाच गुणांची गोष्ट

जानेवारीत एडिसनला भाच्याकडे होतो. न्यू जर्सीतलं हे गाव आपल्या लोकांनी इतकं भरलंय की दुकानात मेथीच्या जुडीवरून घासाघीस मराठीतच चालते. बाहेर बर्फ, आत टीव्हीवर न्यूयॉर्क निक्सचा बास्केटबॉलचा सामना. भाचा, दोन शेजारी आणि भाच्याच्या ऑफिसातला एक नागपूरकर, सगळे निक्सवाले. अर्धं मिनिट उरलं होतं आणि निक्स ७ गुणांनी पुढे होते. सामना संपल्यात जमा होता. मी कप ठेवायला उठलो. परत येतो तर समोरच्या संघाच्या बाकावरून उठून आलेल्या कुणा पोराने लांबून चेंडू भिरकावला, तो सरळ जाळीतून खाली आला आणि भोंगा वाजला. निक्स ४ गुणांनी जिंकले. घरात टाळ्या पडल्या. नागपूरकराने मात्र फोन टेबलावर पालथा टाकला.

"काय रे, तुझीच टीम जिंकली ना?"

"जिंकली हो काका. पैज गेली."

मला वाटलं, लबाडाने गुपचूप दुसऱ्या संघावर पैसे लावले असतील. तसं नव्हतं. पैसे निक्सवरच होते, निक्स जिंकलेही होते आणि तरी त्याचे ११० डॉलर गेले होते. जिंकलेल्या बाजूला पैसे लावून माणूस हरतो कसा, हे कोडं त्या रात्री त्याने मला कागदावर सोडवून दाखवलं. आयुष्यभर बँकेत व्याजाचे हिशेब केलेल्या माणसाला त्यात रस वाटला नसता तरच नवल. पैज लावण्याचा मोह मात्र झाला नाही. का झाला नाही, ते आकड्यांतच आहे.

लहान भावाला दहा पावलं

लहानपणी वाड्यात धावण्याची शर्यत लागली की धाकट्याला दहा पावलं पुढे उभं करायचो. नाहीतर थोरलाच जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक, मग बघायचं काय? दहा पावलं दिली की प्रश्न बदलतो. थोरला जिंकेल का हे कुणी विचारत नाही, तो दहा पावलांची भरपाई करेल का हे विचारतात. आता दोन्ही बाजूंनी भांडणारे भेटतात.

अमेरिकेतल्या पैजेचा पाया हाच. त्याला तिथे 'पॉइंट स्प्रेड' म्हणतात. आपण 'गुणांची सूट' म्हणू. निक्सच्या नावापुढे -५.५ लिहिलेलं असेल, तर पैजेपुरते त्यांच्या अंतिम गुणांतून साडेपाच वजा करायचे. ते ६ किंवा जास्त गुणांनी जिंकले तर त्यांच्यावर लावलेली पैज जिंकली. ५ किंवा कमी फरकाने जिंकले, किंवा हरले, तर गेली. समोरच्याच्या नावापुढे +५.५ असतात, म्हणजे धाकट्याची दहा पावलं. तो ५ गुणांनी हरला तरी त्याच्यावर पैसे लावणारा हसतो. त्या पोराच्या शेवटच्या चेंडूने सामन्यात काहीच बदललं नव्हतं. ७ चा फरक ४ वर आणून त्याने फक्त देशभरातल्या पैजांचा निकाल उलटा केला होता. त्याला स्वतःला हे माहीतही नसावं.

अर्धा गुण कशाला, असं मी विचारलं. बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण नसतोच! म्हणूनच तो लावतात. सूट बरोबर ५ ठेवली आणि फरकही ५ चाच पडला, तर बरोबरी होते आणि सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतात. अर्ध्या गुणाने ती कटकट मिटते.

ही युक्ती रूढ करण्याचं श्रेय चार्ल्स मॅकनील या माणसाला दिलं जातं. एकेकाळचा गणिताचा शिक्षक, १९४० च्या दशकात शिकागोत पैजा घेऊ लागला. त्याआधी बुकी सरळ भाव सांगत आणि एकतर्फी सामना असला की गिऱ्हाईक फिरकत नसे. सूट आली आणि भिकार सामन्यालाही गिऱ्हाईक मिळू लागलं.

सूट न देता सरळ 'कोण जिंकणार' अशी पैजही असते. तिला 'मनीलाइन' म्हणतात. तिथे अंतराऐवजी पैशात फरक करतात. -१५० म्हणजे १०० डॉलर कमावायला १५० लावायचे. +१३० म्हणजे १०० लावले तर १३० मिळणार. वजाचं चिन्ह दिसलं की तो संघ वरचढ मानलाय, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

१९-१८ आणि चोवीस सेकंद

बास्केटबॉलला ही सूट इतकी चपखल का बसते, हे समजायला थोडं मागे जायला हवं. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला हरवलं. गुण १९-१८. दोन्ही संघांचे मिळून ३७! लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा धिप्पाड खेळाडू होता. त्याला चेंडूच मिळू नये म्हणून पिस्टन्स तो हातात धरून नुसते उभे राहिले. नियमात तसं करायला आडकाठी नव्हती. प्रेक्षक मात्र वैतागले.

तोडगा काढला तो सिराक्यूझ संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. हिशेब शाळकरी आहे. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. २८८० ला १२० ने भागा: २४. १९५४ पासून नियम आला की चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत प्रयत्न करा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या.

या घड्याळामुळे आज प्रत्येक संघाला एका सामन्यात साधारण शंभर वेळा चेंडूचा ताबा मिळतो. फुटबॉलच्या ९० मिनिटांत दोन-तीन गोल होतात. एका चुकीच्या पेनल्टीने दुबळा संघ जिंकून जातो. इथे शंभर संधी आहेत. दहा वेळा नाणं उडवलं तर सात छापे पडू शकतात, हजार वेळा उडवलं तर सातशे पडत नाहीत. संधी जितक्या जास्त, तितकं नशीब पातळ होतं आणि चांगला संघ वर येतो. मग 'कोण जिंकणार' या प्रश्नात मजा राहत नाही. 'किती गुणांनी' या प्रश्नात मात्र भरपूर राहते, कारण दोनाचे, तीनाचे, एकाचे असे गुण सतत पडत असतात आणि फरक शेवटच्या क्षणापर्यंत हलत असतो.

शेवटची दोन मिनिटं तर वेगळाच खेळ असतो. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो. घड्याळ थांबतं, समोरच्याला फ्री थ्रो मिळतात, ते चुकतील अशी आशा आणि चेंडू लवकर परत. यात ३ चा फरक ८ होतो, ८ चा ४ होतो. सामना बघणारा घरी निघालेला असतो. पैज लावणारा इथेच खुर्चीच्या कडेवर येतो.

दोघांचे गुण मिळून किती

तिसरी मोठी पैज एकूण गुणांची. बुकी २२४.५ असा आकडा देतो. त्याच्या वर जाईल की खाली राहील, एवढंच सांगायचं. कोण जिंकतं याच्याशी काही देणंघेणं नाही.

हा आकडा कुठून येतो, ते बियासोनच्या भागाकाराच्या उलट बाजूने पाहा. एक संघ शंभर ताब्यांत ११५ गुण करतो, दुसरा ११०; शंभर-शंभर ताबे मिळाले तर बेरीज २२५. आता संथ खेळणाऱ्या संघाने चेंडू घोळवत ताबे ९५ वर आणले, तर तेच खेळाडू, तेच कौशल्य, पण बेरीज २१४ च्या आसपास. नवख्यांची चूक नेमकी इथे होते. 'दोन्हीकडे जबरदस्त खेळाडू आहेत, गुण भरपूर होणार' असं ते म्हणतात आणि वेग बघतच नाहीत.

जादा वेळ मिळाला तर त्यातले गुणही साधारणपणे पैजेत धरतात. आपल्याकडचंच उदाहरण आहे. एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. ती भारतात पहिल्यांदा आली २०१९ च्या ऑक्टोबरात, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. हंगामाआधीच्या सरावाच्या सामन्यांत इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज दोनदा खेळले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्स १३२-१३१ असे जिंकले. समजा पेसर्सच्या नावापुढे -३.५ असते, तर ते जिंकूनही त्यांच्यावरची पैज गेली असती. एकूण गुण २६३. त्यात जादा पाच मिनिटांचा वाटा होता आणि तो आधी कुणालाच दिसत नसतो.

अडत्याची अडत

आता ते ११० डॉलर. नागपूरकराने १०० ऐवजी ११० का लावले?

कारण या पैजांचा नेहमीचा भाव -११० असतो, म्हणजे १०० कमवायला ११० लावायचे. एकाने निक्सवर लावले, एकाने समोरच्यावर. बुकीच्या गल्ल्यात २२० आले. जिंकणाऱ्याला त्याचे ११० परत आणि वर १००, म्हणजे २१०. उरले १०. सामन्यात कोण जिंकलं याच्याशी या दहा डॉलरांचा संबंध नाही. मार्केट यार्डात कांद्याला भाव मिळो न मिळो, अडत्याची अडत सुटते, तसंच. तिकडे तिला 'व्हिग' म्हणतात.

दहा डॉलर किरकोळ वाटतात. कागदावर मांडून बघा. नाणं उडवून पैजा लावल्या तर शंभरातल्या पन्नास जिंकाल: पन्नास गुणिले १०० म्हणजे ५००० आले, पन्नास गुणिले ११० म्हणजे ५५०० गेले. ५०० चा खड्डा. शंभरात ५२ जिंकल्या तर ५२०० आले, ५२८० गेले. तरी ८० चं नुकसानच. ५३ जिंकल्या तर कुठे १३० डॉलर हातात पडतात. अडत भागवून बरोबरीत सुटायला ५२.४ टक्के लागतात. पास व्हायला ३५ लागण्याची सवय असलेल्या माणसाला ५२ सोपे वाटतात. पण इथला पेपर काढणारा दर मिनिटाला पेपर बदलू शकतो.

त्यातूनही सातत्याने जिंकणारे थोडे असतात. ते कळले की पैजा घेणाऱ्या कंपन्या त्यांची मर्यादा उतरवतात. हजार लावणाऱ्याला वीस-पंचवीस डॉलरच लावू देतात. दुकानदाराने हुशार गिऱ्हाइकाला 'माल संपला' म्हणावं, त्यातला हा प्रकार.

मनीलाइनमध्ये अडत अशी उघडी दिसत नाही, पण सापडते. -१५० म्हणजे २५० पैकी १५०, याचा अर्थ ६० टक्के शक्यता. +१३० म्हणजे २३० पैकी १००, साडेत्रेचाळीस टक्के. बेरीज एकशे साडेतीन. दोनच संघ आहेत, शक्यता मिळून शंभरच असायला हवी. वरचे साडेतीन टक्के बुकीचे.

चौकट: आकडे वाचताना
-५.५ : या संघाने ६ किंवा जास्त गुणांनी जिंकायला हवं.
+५.५ : हा संघ जिंकला, किंवा ५ पर्यंतच्या फरकाने हरला, तरी चालेल.
२२४.५ वर/खाली : दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज.
-११० : ११० लावा, जिंकलात तर १०० कमवा. न लिहिलेला असला तरी बहुधा हाच भाव.
+१३० : १०० लावा, जिंकलात तर १३० कमवा.

आकडा का हलतो

सकाळी -५.५ असलेली सूट संध्याकाळी -३ झालेली असते. लासलगावला सकाळच्या लिलावाचा भाव दुपारी टिकत नाही, त्यातलाच प्रकार. आवक वाढली, पावसाची बातमी आली, निर्यातीचा नियम बदलला की भाव हलतो. इथे आवक पैशांची, आणि बातमी बहुतेक वेळा कुणाच्या तरी गुडघ्याची.

बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे पाचच जण असतात आणि मुख्य खेळाडू ४८ पैकी ३५-३६ मिनिटं खेळतो. क्रिकेटमध्ये अकरातला एक बसला तर फळी सावरते. इथे पाचातला पहिला बसला की संघच वेगळा होतो. म्हणून लीगने संघांना बंधन घातलंय की कोण जखमी, कुणाचं खेळणं अनिश्चित, हे साधारणपणे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जाहीर करा. ती यादी आली की आकडे सरकू लागतात.

वेळापत्रकही बघावं लागतं. ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, आणि ते ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्यातच बसवायचे. मग आज एका शहरात आणि उद्या दुसऱ्या, अशा लागोपाठच्या रात्री येतात. रात्री अकराला सामना संपवून विमानाने पहाटे पोचलेला संघ दुसऱ्या संध्याकाळी कसा धावेल, याचा अंदाज बुकी सुटीत आधीच धरतो. घरच्या मैदानाचेही दोनेक गुण धरतात. डेन्व्हरला तर घरच्या संघाची हवाच वेगळी. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०९ मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६. कळसूबाई चढून गेल्यावर वर अठ्ठेचाळीस मिनिटं पळायचं आहे असं समजा. पाहुण्यांना धाप लागली तर नवल नाही.

आता यातली गंमत. हे सगळं मला कळतं, तुम्हाला कळतं, आणि बुकीला आपल्या कितीतरी आधी कळलेलं असतं. 'संघ दमलाय' हे बरोबर असतं, पण ते भावात मोजून घेतलेलंही असतं. दिवाळीत झेंडू महागणार हे ओळखून कुणी श्रीमंत होत नाही, कारण ते विकणाऱ्यालाही माहीत असतं.

म्हणून सूट हे भविष्य नव्हे. एकेका रात्री ती सपाटून चुकते. आठ-दहा गुणांनी चुकणं तर रोजचंच. पण ती दोन्ही बाजूंना सारखीच चुकते. आमचा दूधवाला कधी पावणेसहाला यायचा, कधी सव्वासहाला. तरी 'सहाला येतो' हे खोटं नव्हतं. पैज लावणाऱ्याला तो आज लवकर येणार की उशिरा, हे ओळखायचं असतं, आणि तेही अडत भरून.

वरळीचा मटका, फोनवरची माळ

हल्ली फोनवर सगळ्यात जास्त ढकलली जाते ती जोड पैज. तिकडचा शब्द 'पार्ले'. तीन, चार, पाच पैजांची माळ ओवायची. सगळे मणी टिकले तर घबाड, एक निसटला तर सगळं गेलं.

मुंबईकराला ही चव नवी नाही. मटक्याचा उगमच न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथल्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि त्यावर इथे आकडे लावले जात. १९६१ मध्ये ती सोय बंद झाली. मग कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी स्वतःचेच आकडे काढायला सुरुवात केली. वरळी मटका हे नाव त्यातूनच आलं. साधारण चालायचं असं, की दहातला एक आकडा ओळखलात तर रुपयाला नऊ. दहातला एक म्हणजे न्यायाने दहा मिळायला हवेत. उरलेला रुपया मटकेवाल्याचा. ओपन आणि क्लोज दोन्ही ओळखून जोडी लावली की डोळे दिपवणारी रक्कम. पण मटकेवाल्याचा वाटा त्यातही होताच.

जोड पैज तशीच. एका साध्या पैजेत लावलेला डॉलर जिंकल्यावर १.९१ होऊन परत येतो. अडत नसती तर २ झाला असता. तीन पैजांची माळ केली तर सुमारे ६.९६ मिळतात, न्यायाने ८ हवे होते. पाचांची केली तर साधारण २५.३६, हवे होते ३२. एका मण्यामागे साडेचार टक्के जातात, पाच मण्यांत वीस टक्क्यांहून जास्त. दहा डॉलरचे अडीचशे होणार हे ठळक अक्षरात दिसतं. तीनशेवीस व्हायला हवे होते हे कुठेच लिहिलेलं नसतं.

बंदी घालणारं आणि उठवणारं राज्य एकच

भाच्याच्या घरात बसून हे राजरोस चालतं, ही अगदी अलीकडची गोष्ट. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने नेवाडासारखे थोडे अपवाद सोडून खेळांवरच्या पैजा बंद ठेवल्या. तो कायदा रेटणारे सिनेटर बिल ब्रॅडली हे न्यू जर्सीचे प्रतिनिधी आणि स्वतः निक्सचे माजी खेळाडू. १९७० आणि १९७३ च्या विजेतेपदांत ते होते. मग न्यू जर्सीनेच त्या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण चालवलं आणि १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पैजा चांगल्या की वाईट यावर न्यायालय बोललं नाही. राज्यांनी कुठला कायदा ठेवावा हे केंद्राने फर्मावायचं नाही, एवढाच मुद्दा. लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी तर २०१४ मध्येच लेख लिहून पैजा कायदेशीर करा आणि नियमात आणा अशी बाजू घेतली होती.

आता तीसहून जास्त राज्यांत पैजा चालतात, आणि तुम्ही राज्याच्या हद्दीत उभे आहात का हे फोन तपासतो. न्यूयॉर्कने फोनवरच्या पैजा २०२२ मध्ये सुरू केल्या; त्याआधी तिथले शौकीन पूल ओलांडून न्यू जर्सीत येत, पैज लावत आणि परत जात. आपल्याकडे वारा उलटा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बंदी आली.

अख्ख्या संघापासून एका माणसापर्यंत

हे सगळं समजून घेताना मला एक गोष्ट खुपत राहिली. पैजेचा प्रश्न जितका बारीक होत जातो, तितकी ती बिघडवायला माणसं कमी लागतात.

संघाला हरवायचं तर कितीतरी जण फितवावे लागतील, आणि हरायला कुणाला आवडतं? सुटीने हा अडसर काढला. हरू नका, फक्त कमी फरकाने जिंका. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० मध्ये दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, असं दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांचे खेळाडू पकडले गेले. पैसे घेऊन ते फरक कापत होते. प्रकरण वाढत सात कॉलेजांतल्या बत्तीस खेळाडूंपर्यंत गेलं. स्वतःच्या मनाला सांगायला त्यांच्याकडे सबब तयारच होती: आम्ही जिंकलोच की.

मग पंच. टिम डोनागी १३ हंगाम एनबीएत पंचगिरी करत होता. आतली माहिती जुगाऱ्यांना पुरवल्याचं २००७ मध्ये त्याने कबूल केलं आणि पुढच्या वर्षी १५ महिन्यांची शिक्षा झाली.

आणि आता एकेका खेळाडूच्या आकड्यांवर पैजा असतात: तो किती गुण करेल, किती रिबाउंड घेईल, म्हणजे हुकलेले चेंडू किती पकडेल. टोरांटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर हा बाकावरचा खेळाडू. २० मार्च २०२४ ला तो तीन मिनिटंही खेळला नाही, तब्येत बरी नाही म्हणून बाहेर गेला. त्याचे आकडे ठरलेल्यापेक्षा खाली राहतील, अशी ८० हजार डॉलरची जोड पैज कुणीतरी लावलेली होती; जिंकली असती तर ११ लाख मिळाले असते. फारशा ओळखीच्या नसलेल्या खेळाडूवर एवढी रक्कम बघून कंपनीला संशय आला आणि पैसे अडवले गेले. तपास झाला, एप्रिलमध्ये लीगने पोर्टरला कायमचं बाहेर काढलं आणि जुलैत न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. डोक्यावर जुगाराचंच कर्ज होतं. इथे दुसऱ्या कुणाला फितवायचीही गरज नव्हती, पोटात दुखतंय म्हटलं की काम झालं.

त्यानंतरच्या हंगामापासून लीगच्या भागीदार कंपन्यांनी दहा दिवसांच्या किंवा 'टू-वे', म्हणजे दुय्यम लीगशी वाटून घेतलेल्या, करारावरच्या खेळाडूंचे आकडे 'खाली राहतील' अशा पैजा देणं बंद केलं. 'वर जातील' अशा चालू आहेत. बड्या खेळाडूंवर दोन्ही.

परतीच्या आदल्या रात्री नागपूरकर पुन्हा आला होता. निक्स १८ गुणांनी पुढे होते, भाचा चॅनेल बदलायच्या बेतात होता. हा मात्र गुण बघतच नव्हता. त्याची नजर बाकावर, खांद्यावर टॉवेल टाकून बसलेल्या एका लांबलचक पोराकडे लागली होती.

"त्याला आत घ्यायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "दोन रिबाउंड कमी आहेत, काका. फक्त दोन."

घड्याळात तीन मिनिटं उरली होती. त्या पोराने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला आणि बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या.